हिरव्या पाण्याला घाबरू नका



आमच्या बचत गटाने कृषी पर्यटनासाठी एक बंद पडलेली जागा विकत घेतली. दोन खोल्या, आंब्याची झाडं आणि तीन वर्षं कुणी हात न लावलेला पोहण्याचा तलाव. पाणी हिरवंगार, तळ दिसेना. कुणी म्हणालं, बुजवून टाका. कुणी म्हणालं, पाणी काढून टाका. आम्ही दोन्ही केलं नाही. का, ते ऐका.

तलाव ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल. म्हणजे १,८०० घनफूट. एका घनफुटात २८ लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, म्हणून साधारण ५१,००० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या पाच खेपा! उन्हाळ्यात एवढं पाणी ओतून कसं द्यायचं? आणि पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना तलाव रिकामा केला, तर खालच्या दाबाने तळ फुटू शकतो.

पहिलं काम सुरक्षेचं. तळ दिसत नाही तोवर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल काठावरून दिसत नाही. भोवती निदान ४ फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं. मोटारीचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं असेल तर आधी ते बदला. तिथे केस, हात ओढले जातात.

मग पाणी. पालापाचोळा जाळीने काढा, भिंती ब्रशने घासा, वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवा. सामू आपण मातीचा तपासतो, तसाच पाण्याचाही तपासा. तो ७.२ ते ७.८ हवा, फार वाढला की क्लोरीनचा जोर कमी पडतो.

त्यानंतर टीसीएल पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. आमच्या तलावाला एका वेळी दीड किलो लागते. प्लॅस्टिकच्या दोन-तीन बादल्यांत आधी पाणी घ्या, मग थोडी थोडी पावडर घाला. तासभर निवळू द्या आणि वरची निवळी तेवढी तलावात सोडा. खालचा चुना नको. हे काम संध्याकाळी करा, कारण उन्हाने क्लोरीन उडतं. हातमोजे, चष्मा घाला. अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र येऊ देऊ नका, शेजारी ठेवूही नका. विषारी वायू तयार होतो.

दुसऱ्या दिवशी चाचणीत क्लोरीन शिल्लक दिसलं नाही, तर मात्रा पुन्हा द्या. हिरवं पाणी पांढुरकं झालं की समजा, शेवाळ मेलं. आता फिल्टर चालू ठेवायचा आणि धीर धरायचा. तळ स्वच्छ दिसला, सामू बरोबर आला आणि क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅमवर आलं, की मगच पाहुण्यांना उतरू द्या.

बचतीच्या वहीसारखी तलावाचीही वही ठेवा. रोजचा सामू, क्लोरीन आणि तपासणाऱ्या ताईची सही. ज्या दिवशी सही नाही, त्या दिवशी फाटकाला कुलूप.