मिनिकॉय : एकेक मासा गळाने धरणारे बेट

मिनिकॉय हे लक्षद्वीपचे सर्वांत दक्षिणेकडचे बेट. परवाना हाती पडायला बरेच दिवस लागले, मग कोचीहून जहाजाने आम्ही तिथे पोहोचलो. इथली भाषा मल्याळम नव्हे, महल. मालदीवच्या धिवेहीचेच ते रूप. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. आमच्या मुलांना उर्दू वाचता येते, म्हणून मोठ्या उत्साहाने पाटीपुढे उभी राहिली, पण एक अक्षर लागेल तर शपथ!

बेटावरचे कितीतरी पुरुष मालवाहू जहाजांवर खलाशी असतात, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी बऱ्याच घरांत चालते. घरे मात्र बायकांच्या हाती. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो. हे ऐकून आमच्यासोबतच्या फुफी म्हणाल्या, "मग इथल्या आयांना लेकीच्या पाठवणीचं रडू नाहीच की!" घरधनीण हसली. गाव वस्त्यांत वाटलेले आहे, त्यांना अवा म्हणतात. प्रत्येक अव्याचा एक पुरुष प्रमुख आणि एक स्त्री प्रमुख असते. सार्वजनिक काम निघाले की सगळ्यांनी हात लावायचा.

फजरनंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. मासेमारी ट्यूनाची, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याची. पण ट्यूनासाठी जाळे नाही. आधी प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात बोटभर लांबीचे मासे जाळ्याने धरतात आणि होडीच्या तळातल्या टाकीत जिवंत ठेवतात. टाकीला भोके असतात, त्यातून समुद्राचे पाणी खेळते राहते. खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की हे जिवंत आमिष मूठमूठ फेकायचे आणि वरून पाण्याचा शिडकावा करायचा. माशांना वाटते, वर लहान मासे उसळत आहेत. मग होडीच्या मागच्या फळीवर रांगेने उभे राहून लांब काठीच्या गळाने एकेक मासा उचलायचा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे झटका दिला की मासा आपोआप सुटून होडीत पडतो. कासव नाही. जे हवे तेवढेच.

होडी परतली की निम्मे काम उरलेलेच असते. मासा साफ करून, काटे काढून मिठाच्या पाण्यात उकडतात, धुरावर ठेवतात आणि मग दिवसेंदिवस उन्हात वाळवतात. लाकडासारखा कडक झाला की झाला मासमीन. महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडे बोंबील वाळत घातले की गल्लीभर खबर जाते; इथे वास धुराचा, आणि खरे सांगायचे तर भूक लावणारा. ओल्या खोबऱ्यात कांदा-मिरची आणि किसलेला मासमीन कालवून सकाळी रोटीबरोबर दिला, तेव्हा मुलांनी दोनदा मागून घेतला.

या सगळ्याचा जीव त्या बोटभर माशांत आहे, आणि त्यांचा जीव प्रवाळात. पाणी तापल्याने 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, बरेच मेले. आमिष नाही तर समुद्रात ट्यूना कितीही असो, होडी निघून उपयोग नाही. आम्ही असताना एक होडी दुपारपर्यंत आमिषच शोधत फिरली आणि डिझेल जाळून परत आली. कोणी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या होडीचे चार मासे त्या घरांत पोहोचले, इतकेच.

आमच्या घरधनिणीचा थोरला मुलगा जहाजावर आहे, धाकटा होडीवर. धाकट्यालाही आता जहाजाचे वेध लागले आहेत. पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला. आम्ही निघालो त्या संध्याकाळी तो काठीची दोरी बदलत बसला होता. आई मासमीन आत घेत होती आणि पुढच्या वर्षी तो कुठे असेल, हे दोघांपैकी कोणीच बोलत नव्हते.