कुंपणावरच्या तोंडलीचे वाय गुणसूत्र

पावसाळा लागला की कळवा-मुंब्र्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत रुळांकडेच्या कुंपणांवर रानतोंडलीच्या वेली चढतात. पांढऱ्या फुलाच्या बुडाशी, पाकळ्यांच्या खाली, इवलेसे हिरवे तोंडले आधीपासूनच दिसत असेल तर ती वेल मादी. फूल थेट देठावर बसलेले असेल आणि आत पिवळे पुंकेसर असतील तर नर. या नर वेलीला फळ कधीच धरत नाही.

फुले येणाऱ्या वनस्पतींत असे पूर्ण वेगळे नर-मादी शंभरातल्या जेमतेम सहा जातींत आढळतात. त्यांतही हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांत डोळ्यांनी दिसावा, अशा जाती जगभरात मोजक्याच आहेत. आपली तोंडली त्यांपैकी एक आहे. पुण्याच्या एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी १९४० मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये तिच्या लिंग-गुणसूत्रांबद्दल लिहिले होते. जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दशकानुदशके जिचा अभ्यास केला, त्या वेलीच्या अभ्यासाचा पाया मराठी मुलखात घातला गेला, हे आपल्या शाळांत सांगायला हवे.

तोंडलीत गुणसूत्रे २४. मादीत त्यांतली दोन एक्स-एक्स, नरात एक्स-वाय. इथवर माणसासारखेच. पण माणसाचे वाय झिजून एक्सच्या मानाने बारके झाले आहे, तर तोंडलीचे वाय पेशीतल्या इतर सर्व गुणसूत्रांहून ठळकपणे मोठे आहे. त्यामुळे नर वेलीच्या पेशीत मादीपेक्षा डीएनए जास्त भरतो. कारण वयात आहे. सस्तन प्राण्यांची लिंग-गुणसूत्रे कोट्यवधी वर्षे जुनी. तोंडलीची सुमारे तीस लाख वर्षांची, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात कालपरवाची. एक्स आणि वाय यांची आपसातली देवाणघेवाण थांबली की वायवर त्याच त्या डीएनएच्या तुकड्यांची भर पडत जाते. तोंडलीचे वाय अजून या फुगण्याच्या टप्प्यात आहे, झिजणे पुढचे.

मग मादीत नरपण अजिबात नसते का? याचे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटते. कळी अगदी कोवळी असताना दोन्ही लिंगांच्या अवयवांची सुरुवात तिच्यात झालेली असते. नंतर एकाची वाढ थांबते. पुण्याच्या ‘आयसर’मधील अंजन बॅनर्जी यांच्या गटाने २०१४ मध्ये या वेलीवरचे काम प्रसिद्ध केले. त्यात दिसले की, मादी वेलीवर सिल्व्हर नायट्रेट फवारले, तर तिच्या फुलांत पुंकेसर येतात. केळी पिकवणारा इथिलीन वायू वनस्पतीचे संप्रेरकही आहे. काकडीच्या कुळात तो सहसा स्त्रीत्वाकडे झुकवतो, आणि चांदीचे आयन त्याचा संदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. संदेश अडला, की दबलेले पुंकेसर वाढतात. गुणसूत्रे मात्र एक्स-एक्सच राहतात, आणि या पुंकेसरांतले पराग सकस निपजत नाहीत. पुंकेसर उभे करणे रसायनाला जमते, पण सकस परागासाठी वाय लागते.

पपईचे गणित याहून अवघड. तिच्यातही एक्स-वाय आहे, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. फरक एका छोट्या भागापुरता. दोन्ही गुणसूत्रे वाय आली तर गर्भ जगतच नाही. सोसायटीच्या आवारात बी टाकून उगवलेले, लांब दांड्यांवर फुलांचे घोस लोंबणारे आणि फळ न देणारे झाड बहुधा नर असते. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या कर्टोलीतही नर-मादी वेगळे, आणि फूल येईपर्यंत ओळख पटत नाही. म्हणून लागवड करणारे खात्रीच्या मादी वेलीचे कंद जपतात.

तोंडलीचा शेतकरीही बी पेरत नाही, मादी वेलीच्या फांद्यांचे तुकडे लावतो. काही जण दहा मादी वेलींमागे एखादी नर वेल ठेवतात. काही वाण परागाशिवायच फळ धरतात. परिणामी मळ्यात नर वेली थोड्याच उरतात आणि वायचा वारसा बव्हंशी रानच्या, कुंपणावरच्या वेलींकडे राहतो. म्हणून खाडीकाठची झुडपे सरसकट साफ होतात तेव्हा मला काळजी वाटते. पुण्याच्या गटाने अभ्यासलेला तिसरा प्रकारही, एकाच वेलीवर मादी फुले आणि दोन्ही लिंगांची फुले असणारा, मळ्यात नव्हे तर निसर्गात वाढणाऱ्या वेलींत मिळाला होता. येत्या पावसाळ्यात बुडाशी तोंडले आणि आत पुंकेसर असे फूल कुणाला दिसले, तर त्याचे छायाचित्र जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे अवश्य पोहोचवावे.