"डॉक्टर, मला पित्त झालंय!"

दवाखान्यात हे वाक्य रोज दोन-चार वेळा तरी कानी पडते. कुणाला पित्त झालेले असते, कुणाला थंडी बाधलेली असते, कुणाचे बी.पी. वाढलेले असते. (न मोजता ते वाढल्याचे कसे कळते, हे मला पंचवीस वर्षांत उमगलेले नाही.) नेमके काय होते आहे, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. "जेवल्यावर तासाभराने छातीत जळजळते" ही वस्तुस्थिती. "पित्त झालंय" हे तुमचे मत.

मागच्या उन्हाळ्यात पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी आले. "पित्ताचं इंजेक्शन द्या, लग्नाला जायचंय." बाहेर रांग लागलेली. मीही त्यांचे मत खरे धरून सिरिंज भरायला घेतली. भरता भरता विचारले, "जळजळतंय का?"

"जळजळत नाही हो. छातीवर पोतं ठेवल्यागत वाटतंय. पहाटे शेण काढत होतो तेव्हापासून."

शर्ट घामाने चिंब होता. उन्हाळा आहे म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले होते! ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, १०८ची रुग्णवाहिका बोलावली आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. गृहस्थ वाचले. भरलेली सिरिंज संध्याकाळपर्यंत ट्रेमध्ये तशीच पडून होती.

अशी गल्लत का होते? अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते आणि दोहोंच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोहोचतात. त्यामुळे दुखणे नेमके कुठले, हे मेंदूलाही सांगता येत नाही. सोडा पिऊन ढेकर आली, बरे वाटले, म्हणून हृदय ठणठणीत ठरत नाही. मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांमध्ये तर कधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. १२ तास उलटल्यावर फारसा नाही. म्हणून घरी वाट पाहू नका.

आम्ही डॉक्टरही यातून सुटलेले नाही. "ईसीजी नॉर्मल आहे" ही वस्तुस्थिती. "तुम्हाला काही झालेले नाही" हे डॉक्टरांचे मत. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, रक्तातील ट्रोपोनिन तपासावे लागते. डॉक्टर थांबायला सांगतात ते त्यासाठी. बिल वाढवण्यासाठी नव्हे.

तेव्हा दवाखान्यात येताना चार गोष्टी आठवून या: कुठे दुखते, केव्हापासून, काय करताना सुरू झाले, कशाने वाढते. रोगाचे नाव आपण मिळून शोधू.

परवा तेच गृहस्थ तपासणीला आले. म्हणाले, "रात्री नऊला भजी खाल्ली, दहाला जळजळ सुरू झाली. आडवं झालं की वाढते, चालताना काही होत नाही." या वेळी खरोखरच पित्त होते. ईसीजी मी तरीही काढला.