फोन इंचात, कंट्रोलर मिलिमीटरमध्ये

रेडमी १२ या फोनचा पडदा ६.७९ इंचांचा, सॅमसंग गॅलेक्सी एस२४ अल्ट्राचा ६.८ इंचांचा. जाहिरातीत दोघे जुळे भाऊ. पट्टी लावली की रेडमी १६८.६ मिलिमीटर लांब भरतो आणि अल्ट्रा १६२.३. सोनीचा २०१९ चा एक्सपीरिया १ तर आणखी गमतीचा: पडदा फक्त साडेसहा इंचांचा, पण २१:९ अशा सडपातळ ठेवणीमुळे लांबी १६७ मिलिमीटर. म्हणजे 'लहान' पडद्याचा फोन 'मोठ्या' पडद्याच्या फोनपेक्षा लांब!

फोनवर गेम खेळायच्या कंट्रोलरच्या खोक्यावर किंवा ऑनलाइन जाहिरातीत 'मोठ्या फोनला चालतो', 'सात इंचांपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि लोक त्यावर विसंबून पैसे देतात. पण इंच हे पडद्याचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप. पडद्याभोवतीची चौकट आणि खालची काळी पट्टी त्यात धरलेली नसते. स्वस्त फोनमध्ये ही पट्टी जाड असते, म्हणून दहा-बारा हजारांचा फोन लाखाच्या फोनपेक्षा लांब निघतो. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा, मध्ये ताणला जाणारा कंट्रोलर मात्र इंच ओळखतच नाही. तो किती मिलिमीटरपर्यंत ताणला जातो, एवढंच खरं. उदाहरणार्थ, गेमसरच्या जी८ गॅलिलिओची कंपनीने सांगितलेली मर्यादा ११० ते १८५ मिलिमीटर आहे. असा आकडा ज्या कंट्रोलरच्या माहितीत सापडत नाही, तो मी तरी घेणार नाही.

आता मापाचं बोलणं जरा बाजूला ठेवू. कारण सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मापाचा नाहीच. तो असा: कंट्रोलर जोडला की फोनवरचा कुठलाही गेम त्यावर चालतो.

नाही चालत. कंट्रोलर फोनला फक्त एवढंच सांगतो की अमुक बटण दाबलं, डावी स्टिक इतकी वळली. हा निरोप ऐकायची सोय अँड्रॉइडमध्ये २०११ पासून आणि आयफोनमध्ये २०१३ पासून आहे. पण निरोप ऐकून त्याचं काय करायचं, हे गेम बनवणाऱ्याने लिहिलेलं असावं लागतं. त्याने ते लिहिलं नसेल तर बटणं दाबत बसा, पडद्यावरचा गडी जागचा हलणार नाही. माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, डेड सेल्स, ॲस्फाल्ट यांत ही सोय आहे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये ती २०१९ च्या नोव्हेंबरात आली, आणि तिथे कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घालायची पद्धत ठेवली, कारण बोटाने खेळणाऱ्यावर अन्याय नको. गेन्शिन इम्पॅक्टने २०२१ मध्ये आयफोनवर कंट्रोलर चालू केला तेव्हा अँड्रॉइडवाले हात चोळत राहिले. एकच गेम, एकच कंट्रोलर, पण फोन बदलला की उत्तर बदलत होतं.

आणि आपल्याकडे ज्या गेमसाठी बहुतेक पोरं कंट्रोलर मागतात त्या बीजीएमआयमध्ये? अधिकृत सोय नाही. पब्जी मोबाइलवर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ च्या जुलैत त्याच्या जागी बीजीएमआय आला, मध्येच २०२२ मध्ये ॲपच्या दुकानातून गायब होऊन २०२३ मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत गेम बोटांचाच राहिला. विक्रेता मात्र सांगतो, "चालतो हो, सगळे वापरतात." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. काही कंट्रोलर एका वेगळ्या ॲपच्या मदतीने प्रत्येक बटण पडद्यावरच्या एकेका जागेला बांधून देतात. बटण दाबलं की फोनला वाटतं, तिथे बोटच टेकलं. ही नक्कल आहे, आणि स्पर्धात्मक गेमचे नियम अशा बाहेरच्या मदतीकडे वाकड्या नजरेने पाहतात. खातं बंद झालं तर त्यात घातलेले पैसे आणि वर्षं, दोन्ही जातात. तेव्हा बीजीएमआयसाठीच कंट्रोलर घ्यायचा बेत असेल, तर घेऊच नका.

याच गोंधळातून आणखी एक वस्तू खपते. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारे, फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखे लावायचे 'पब्जी ट्रिगर'. त्यांना कंट्रोलर म्हणणं म्हणजे उगाच मान देणं. त्यातल्या साध्या प्रकारात वीजवाहक रबराचा तुकडा पडद्याला टेकतो आणि बोटाचं काम करतो, बस्स. ते फोनला जोडलेच जात नाहीत. पण मोठ्या फोनवर तेही फसतात: चिमट्याचा जबडा ठरावीक जाडीपर्यंतच उघडतो, आणि जाड कव्हर असलं की रबर पडद्यावर नीट टेकत नाही.

कव्हरचा विषय निघालाच आहे तर माप पुरं करू. फोनची लांबी कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, पण ती उघड्या फोनची. कव्हर दोन्ही टोकांना थोडं थोडं वाढवतं. त्यात भर म्हणजे टाइप-सी पिन असलेल्या कंट्रोलरमध्ये कव्हरची खालची कड आडवी येते. पिन अर्धीच आत जाते, फोन जोडला जातो, तुटतो, पुन्हा जोडला जातो, आणि आपण म्हणतो कंट्रोलर बिघडलेला आला. तेव्हा कव्हरसकट मोजा, नाहीतर खेळताना कव्हर काढायची तयारी ठेवा. कॅमेऱ्याचा उंचवटाही बघा. फोन आडवा धरला की तो डाव्या बाजूला कंट्रोलरच्या मागच्या पट्टीवर येतो. पट्टीत त्यासाठी खाच किंवा मऊ गादी नसेल तर फोन तिरका बसतो आणि सगळा भार पिनवर जातो.

हा भार हलका समजू नका. एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा, आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा. मागची पट्टी भक्कम असेल तर वजन ती झेलते. ती लवचीक असेल तर खेळताना प्रत्येक झटक्यासरशी तुमच्या फोनचा चार्जिंग पोर्ट पिरगळला जातो. कंट्रोलर गेला तर चार-सहा हजार गेले, पोर्ट गेला तर फोन दुरुस्तीला. म्हणून फोन बसवताना आधी पिनेची बाजू सरळ आत घालावी, मग दुसरी बाजू ताणून सोडावी. काढताना याच्या उलट.

वजनाचाच दुसरा पैलू म्हणजे घरातल्या कन्सोलच्या कंट्रोलरवर चिमटा लावून वर फोन बसवणं. "फोनसाठी वेगळाच कंट्रोलर लागतो" असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी हे ऐकावं: लागत नाही. आयफोनने २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्सचे ब्लूटूथ कंट्रोलर स्वीकारले, २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चाही. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवरही ते जोडले जातात. प्लेस्टेशन ४ चा असेल तर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची, दिवा लुकलुकू लागला की ब्लूटूथच्या यादीत नाव दिसतं. एक्सबॉक्सच्या अगदी पहिल्या, २०१३ च्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतं. तो ओळखायची खूण सोपी आहे: मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लॅस्टिक वरच्या खांद्याच्या बटणांसारखं चकचकीत आणि वेगळ्या तुकड्याचं असेल तर ब्लूटूथ नाही, पुढच्या भागाशी एकसंध असेल तर आहे. भाचरांच्या जुन्या कन्सोलचा कंट्रोलर कपाटात पडून असेल तर आधी तो जोडून पाहा. फुकटात उत्तर मिळेल की आपल्याला कंट्रोलरवर खेळायला आवडतं तरी का.

पण चिमट्यावर मोठा फोन बसवला की हाताला कळतं. एक्सबॉक्सचा कंट्रोलर सेलसकट २८७ ग्रॅम, त्यावर सव्वादोनशे ग्रॅमचा फोन, तोही मनगटापासून वर, अंतरावर. टोकाला नारळ बांधलेली काठी धरावी तसं ते पुढे झुकत राहतं. एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे याचा त्रास जास्त. ताणून बसवायच्या कंट्रोलरमध्ये फोन दोन हातांच्या मधोमध येतो, म्हणून तेवढंच वजन हलकं वाटतं. टेबलावर स्टँड ठेवून खेळणाऱ्याला हा प्रश्नच नाही. मला विचाराल तर मोठ्या पडद्याचा खरा उपयोग तिथेच होतो, पण लोकल ट्रेनमध्ये टेबल कुठून आणणार?

"ब्लूटूथ म्हणजे लॅग, पिनेचाच घ्या" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पिनेचा कंट्रोलर जलद असतो, यात वाद नाही. पण फरक किती? सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. नव्या प्रकारचं, कमी ऊर्जेवर चालणारं ब्लूटूथ ७.५ मिलिसेकंदांइतक्या कमी अंतराने निरोप पाठवू शकतं. बऱ्या कंट्रोलरचा उशीर त्यामुळे एखाद-दोन चित्रांच्या आसपास राहतो, आणि गोष्टीचा किंवा शर्यतीचा गेम खेळणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. लोकांना जो लॅग जाणवतो तो बहुतेकदा ब्लूटूथ इअरफोनचा असतो: गोळी सुटते आधी, आवाज येतो नंतर. साध्या इअरफोनमध्ये हा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो. कंट्रोलर, इअरफोन आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय सगळे एकाच लहरींच्या पट्ट्यात गर्दी करतात, हेही आहेच. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका आणि इअरफोन वायरचा लावा, मग कंट्रोलरला दोष द्या. दुसऱ्या खोलीतला प्लेस्टेशन फोनवर घेऊन खेळत असाल तर उशीर नेटवर्कमधूनच येतो, पिन त्यात काही करू शकत नाही.

पिनेच्या कंट्रोलरची एक तक्रार तर आपल्याकडची खासच. रियलमी, ओप्पो, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी, म्हणजे पोर्टला बाहेरचं उपकरण जोडायची सोय, मुळात बंद असते आणि काही मिनिटं वापर झाला नाही की आपोआप पुन्हा बंद होते. नवा कंट्रोलर जोडला, दिवा लागला नाही, माल परत पाठवला. सेटिंगमध्ये शोधाच्या चौकटीत 'ओटीजी' लिहून ते चालू केलं असतं तर बहुधा काम झालं असतं.

आता हॉल इफेक्ट. हल्ली खोक्यावर हे शब्द किमतीपेक्षा मोठ्या अक्षरात असतात. जुन्या पद्धतीच्या स्टिकमध्ये एक पाती कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते आणि घासून पट्टी झिजली की हात न लावताही पात्र एका बाजूला सरकू लागतं. हाच तो ड्रिफ्ट. निंटेंडोच्या स्विचचे कंट्रोलर त्यामुळे बदनाम झाले आणि कंपनीच्या अध्यक्षांना २०२० मध्ये त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. हॉल पद्धतीत लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून घासणं नाही. तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलं. सेगाने ते नव्वदच्या दशकातच ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये वापरलं होतं. म्हणजे 'नवं तंत्रज्ञान' हा पहिला गैरसमज. 'कधीच बिघडत नाही' हा दुसरा. स्टिकला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग सैल पडते, बटणाखालचं रबर थकतं, आणि मोठ्या फोनच्या ओझ्याने वाकणारी ती टाइप-सी पिन तर असतेच. दोन कंट्रोलर बाकी सगळ्यात सारखे असतील तर हॉलवाला घ्यावा. पण हॉल आहे म्हणून डळमळीत पट्टीचा कंट्रोलर घेणं शहाणपणाचं नाही.

खेळता खेळता चार्जिंग करता येतं, हे खरं. कंट्रोलरच्या तळाला दिलेल्या पोर्टमधून वीज फोनकडे जाते. मात्र तिथून फोनच्या डब्यातल्या चार्जरचा पूर्ण वेग मिळेलच असं नाही, आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्या पोर्टातून वायरचा हेडफोन चालत नाही, त्यासाठी ३.५ मिमीचा वेगळा जॅक आहे का ते बघावं लागतं. चार्जिंग आणि गेम दोन्ही एकदम चालू असले की फोन तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग कमी करतो. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये गेम बूस्टरमध्ये एक पर्याय आहे: योग्य चार्जर असेल आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर असेल, तर वीज बॅटरीत न जाता थेट फोन चालवायला वापरली जाते. उन्हाळ्यात तो चालू ठेवलेला बरा.

जुना माल घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आयफोन १५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, आयफोनला टाइप-सी पोर्ट आला. त्याआधीचे लाइटनिंग पिनेचे कंट्रोलर लोक आता स्वस्तात काढून टाकतात. ते नव्या आयफोनला लागत नाहीत आणि अँड्रॉइडला कधीच लागत नव्हते.

राहिला घडीचा फोन. गॅलेक्सी झेड फोल्ड ६ उघडला की १५३.५ बाय १३२.६ मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ चौकोन, आणि जाडी अवघी ५.६. लांबी मर्यादेत बसते म्हणून पिनेचा कंट्रोलर मागवाल, पण उघड्या फोनमध्ये चार्जिंगचा पोर्ट मधोमध नसतो, एका अर्ध्या भागाच्या तळाशी असतो. फोन कंट्रोलरवर एका बाजूला लोंबकळतो. अशा फोनसाठी ब्लूटूथचा कंट्रोलर आणि टेबलावरचा स्टँड, हाच सरळ मार्ग.