मंद उजेडातली वीज
आमच्या देवळाली प्रवरा गावी भर दुपारच्या उन्हाचा उजेड सुमारे १,००,००० लक्स भरतो. घरातल्या दिव्याखाली जेमतेम ३००. पण छतावरचा सिलिकॉनचा सौरघट घरात आणला, तर वीज या प्रमाणाहूनही जास्त घटते. कारण घटात थोडा प्रवाह नेहमीच गळतो. उन्हात ती गळती जाणवत नाही. मंद उजेडात तीच कमाई गिळते. शिवाय सिलिकॉनला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. एलईडीच्या प्रकाशकणांत त्याहून बरीच जास्त ऊर्जा असते. ती उष्णता होऊन वाया जाते. खोलीसाठी १.९च्या आसपासचा पदार्थ हवा. किराणा दुकानातल्या सौर कॅल्क्युलेटरमधले अस्फटिकी सिलिकॉन १.७च्या जवळचे, म्हणून ते गल्ल्यावरही चालते. गळती रोखली आणि पदार्थ जुळवला, तर घड्याळाचे, रिमोटचे सेल उकिरड्यावर जायचे थांबतील.