बारा मीटरच्या बागेत वीस मीटरची तार



वर्गातल्या दोघांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा फाउंडेशन परवाना मिळवला, तेव्हापासून शनिवारी चहाच्या सुट्टीत एकच प्रश्न असतो: अँटेना कोणती लावायची? इथल्या टेरेस्ड घराची मागची बाग ती केवढी! ६ मीटर रुंद, १२ मीटर लांब, त्यातच शेड आणि कपड्यांची दोरी. आणि इच्छा मात्र अशी की, भारतातल्या एखाद्या 'व्हीयू' संकेतचिन्हाशी बोलावे.

आधी थोडे गणित. रेडिओलहरी सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. वारंवारता १४.२ मेगाहर्ट्झ असेल, तर सेकंदाला १ कोटी ४२ लाख कंपने. भागाकार केला की तरंगलांबी येते सुमारे २१ मीटर. साध्या डायपोलला तिच्या निम्मी तार लागते, तीही किंचित कमी, म्हणजे १० मीटर. ही तार बागेत आरामात बसते. पण हा झाला एकच पट्टा. २० मीटरचा पट्टा मिटला की तुम्ही गप्प. १५ आणि १० मीटरचे पट्टे दिवसा उघडतात आणि सूर्यावरच्या डागांवर अवलंबून असतात. डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राचा भर २०२४ च्या सुमारास होता, पुढे ते पट्टे मंदावत जातील. रात्री ४० मीटरचा पट्टा कामाला येतो, पण त्याचा डायपोल २० मीटर लांब! म्हणून एकाच अँटेनावर अनेक पट्टे हवेत.

प्रसिद्ध 'जी५आरव्ही' अँटेना लुई व्हार्नी यांनी १९४६ साली काढली. ती ३१ मीटरची, आपल्या बागेत मावणारच नाही. उभ्या अँटेनाला जागा कमी लागते, पण जमिनीवर तारा पसराव्या लागतात आणि घरातल्या चार्जरांची, दिव्यांची खरखर ती आवडीने गोळा करते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक मीटर व्यासाचे मॅग्नेटिक लूप चांगले. मात्र वारंवारता जरा बदलली की ते पुन्हा जुळवावे लागते, आणि त्याच्या कंडेन्सरवर थोड्या वॅटनेही हजारो व्होल्ट चढतात. लहान मुलांच्या घरात आम्हाला ते पसंत नाही.

आमची निवड आहे एका टोकाने जोडलेली अर्ध्या लहरीची तार. तानपुऱ्याची तार आठवा. ती पूर्ण लांबीने कंप पावते, तशीच दोन, तीन, चार भागांतही पावते. २० मीटरची तार ७ मेगाहर्ट्झला एक अर्धी लहर असते, १४ ला दोन, २१ ला तीन आणि २८ ला चार. एका तारेत चार पट्टे! अडचण एवढीच की टोकाशी विरोध फार, जवळजवळ अडीच हजार ओहम, आणि आपली केबल ५० ओहमची. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालतात. त्यात वेढ्यांचे प्रमाण १ ला ७, आणि विरोध वाढतो सातच्या वर्गाने, म्हणजे ४९ पट. ५० गुणिले ४९ किती, ते मुलांनीच करावे.

आता ती मावणार कशी? ट्रान्सफॉर्मरची डबी शेडवर २ मीटर उंचीवर ठेवायची. तिथून तार ८ मीटरच्या फायबरग्लासच्या काठीच्या शेंड्यापर्यंत, म्हणजे ६ मीटर वर न्यायची. मग साडेअकरा मीटर घराच्या वळचणीकडे आणायची आणि उरलेली अडीच मीटर खाली लोंबू द्यायची. वाकवल्याने थोडे नुकसान होते, पण सरळ तारेच्या हट्टापायी काहीच न लावण्यापेक्षा ते परवडले. ८० मीटरच्या पट्ट्याचा मोह मात्र सोडावा.

तारेच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज जास्त असते. फाउंडेशन परवान्याच्या २५ वॅटनेही (ही मर्यादा २०२४ पासून आहे) बोट भाजू शकते, तेव्हा डबी आणि टोक दोन्ही हाताला लागू नयेत. विजेच्या तारांपासून लांब राहावे. केबल घरात शिरण्याआधी तिच्यावर फेराइटचा चोक घालावा. काठी उभी करण्यापूर्वी कौन्सिलला विचारावे आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. आमच्यापैकी एकाने सांगितले नव्हते, त्याची तक्रार पतंगाच्या दोरीवरून सुरू झाली.

तार आधी अर्धा मीटर जास्तच ठेवा आणि मोजत मोजत बोटभर कापत जा. येत्या शनिवारी आम्ही फेराइटची कडी आणि तांब्याची तार आणणार आहोत. ज्यांना ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आहे, त्यांनी पक्कड आणावी.