अर्ध्या सेकंदाचा संशय
मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग तपासत होता. दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. आपण ‘नेट स्लो असेल’ म्हणून चहाला गेलो असतो. हा पठ्ठ्या खोदत बसला आणि फायली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या खुल्या कोडच्या साधनात त्याला चोरदरवाजा सापडला! ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे राबून, थकलेल्या एकांड्या सांभाळकर्त्याचा विश्वास कमावला होता. मुख्य घातक भाग दडवला होता चाचणीच्या फायलींत. त्यामुळे ‘कोड खुला म्हणून सुरक्षित’ हा आम्हा लिनक्सवेड्यांचा लाडका दावा मला अर्धाच पटतो. अर्थात, कोड बंद असता तर फ्रॉइंडला खोदायला जागाच नसती. लिनक्सच्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधीच तो चोरदरवाजा बुजवला गेला.